पृथ्वीचे दोन स्वर

१

ईश्वराचा विचार मनात आला की माणसाची मान वर वळते, हा जवळजवळ सर्व संस्कृतींमधला अनुभव आहे. वेदकाळच्या ऋषींनी द्युलोकाला पिता म्हटले. ज्यू व ख्रिस्ती प्रार्थनांतील देव स्वर्गात वसतो. इस्लामी परंपरेत प्रेषिताचे स्वर्गारोहण ही श्रद्धेची एक महत्त्वाची घटना मानली जाते. ईश्वर सर्वत्र आहे असे तत्त्वज्ञान सांगत असले, तरी भक्ताच्या देहाने दिशा निवडलेली असते आणि ती ऊर्ध्व असते. आकाशाचे स्वरूप विज्ञानाने उलगडून दाखविल्यावर ही सवय नाहीशी व्हावी, अशी अपेक्षा तर्काला धरून होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या अपोलो-८ ह्या यानातील तिघा अंतराळवीरांनी बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीचा आरंभ वाचून दाखविला. सरकारी मोहिमेत धर्मग्रंथाचे वाचन झाले म्हणून अमेरिकेत त्यावर खटलाही भरला गेला. पुढच्या वर्षी जुलैमध्ये बझ ऑल्ड्रिन ह्यांनी चंद्रभूमीवर उतरल्यावर प्रभुभोजनाचा विधी केला, पण ह्या वादामुळे त्याची वाच्यता त्या वेळी केली गेली नाही.

ह्या दोन्ही प्रसंगी धर्म आपल्या जुन्या शब्दांतच बोलत होता. १९७७ साली घडलेली गोष्ट वेगळ्या जातीची आहे. त्या वर्षी 'नासा' ह्या संस्थेने व्हॉएजर नावाची दोन याने पाठविली; व्हॉएजर-२ हे २० ऑगस्टला आणि व्हॉएजर-१ हे ५ सप्टेंबरला निघाले. ग्रहांचे निरीक्षण आटोपल्यावर ही याने सूर्यमालेबाहेर जाणार, हे आधीपासून ठाऊक होते. म्हणून खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन ह्यांच्या पुढाकाराने प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका बसविण्यात आली. तीत शंभराहून अधिक चित्रे आहेत, मराठीसह ५५ भाषांतील अभिवादने आहेत, पृथ्वीवरील ध्वनींचा एक छोटा पट आहे आणि सुमारे ९० मिनिटांचे, २७ रचनांचे संगीत आहे. ही मुद्रिका कोणी ऐकेल, ह्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. पाठविणाऱ्यांनाही हे माहीत होते. एखाद्या ताऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळून जावयास व्हॉएजर-१ ला सुमारे ४० हजार वर्षे लागतील.

उत्तराची आशा नसताना, ऐकणारा आहे की नाही हे ठाऊक नसताना, आपल्याजवळचे सर्वोत्तम ते कोणाला तरी निवेदन करणे ह्या कृतीला मानवी भाषेत एक जुने नाव आहे. ते प्रार्थना हे होय. मुद्रिका तयार करणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांना हा शब्द मानवला नसता. सेगन हे तर श्रद्धेपेक्षा संशयाला मान देणारे विचारवंत होते. तरीही कृतीचा आकार पाहिला म्हणजे तिचे प्रार्थनेशी असलेले नाते नाकारणे कठीण जाते. मराठी अभिवादनात तर शुभेच्छांच्या जोडीला त्या अज्ञात श्रोत्याने ह्या जन्मी धन्य व्हावे अशी इच्छा आहे. दूरच्या ताऱ्याभोवती जो कोणी असेल त्यालाही जन्म असणार आणि धन्यता कळणार, हे तिने गृहीत धरले आहे.

मात्र ह्या निवेदनातून एक गोष्ट बुद्ध्याच वगळण्यात आली. युद्ध, रोगराई, गुन्हे आणि दारिद्र्य ह्यांना चित्रांत स्थान द्यावयाचे नाही, असे ठरविण्यात आले. अणुस्फोटाचे चित्र घ्यावे की काय ह्यावर विचार होऊन तेही नाकारले गेले. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो अंतराळविज्ञानापुरता मर्यादित नाही: ईश्वरापुढे, किंवा ईश्वराच्या जागी कल्पिलेल्या अज्ञातापुढे उभे राहताना माणसाला आपले दुःख घरी ठेवून जाता येते काय?

२

मुद्रिकेतील ध्वनिपटाचा आरंभ ज्या रचनेने होतो, ती ह्या प्रश्नाच्या विचारास फार उपयोगी आहे. लॉरी स्पीगल ह्या अमेरिकन संगीतकर्तीने बेल प्रयोगशाळेतील संगणकाच्या साहाय्याने ती सिद्ध केली. तिच्यात कोणतेही वाद्य नाही. ग्रहांच्या सूर्याभोवतीच्या गतीचे आकडे संगणकाला पुरविले असून प्रत्येक ग्रहाचा वेग म्हणजे एक अखंड चढणारा-उतरणारा सूर आहे. बुधाचा सूर सर्वांत उंच आणि चपळ. ज्वालामुखी, पाऊस, पक्षी, पावले, हृदयाचे ठोके हे सारे त्यानंतर येते. विद्युत्संगीताची ही रचना यानाबरोबर निघाली ती अशा रीतीने पृथ्वीच्या ध्वनींची नांदी म्हणून.

तथापि ह्या रचनेमागची कल्पना विसाव्या शतकातली नाही. योहानेस केप्लर ह्याने १६१९ साली प्रसिद्ध केलेल्या 'हार्मोनिसेस मुंडी' ह्या ग्रंथात, म्हणजे विश्वाच्या संवादितेविषयीच्या ग्रंथात, ती मांडली होती. ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने आणि दूर असताना सावकाश फिरतो, हे त्याने पूर्वीच सिद्ध केले होते. आता त्याने सूर्यावरून पाहिल्यास प्रत्येक ग्रह दिवसाला किती अंश सरकेल ह्याचे गणित मांडले आणि कमाल व किमान वेगांची गुणोत्तरे काढली. शनीचे गुणोत्तर ५:४ ह्याच्या जवळ आले, गुरूचे ६:५, मंगळाचे ३:२. संगीतशास्त्र जाणणाऱ्या कोणालाही ही गुणोत्तरे ओळखीची आहेत. ती स्वरांतरांची आहेत. पृथ्वी दिवसाला कमीत कमी ५७ कला ३ विकला आणि जास्तीत जास्त ६१ कला १८ विकला सरकते, म्हणजे तिचे गुणोत्तर १६:१५ ह्याच्या आसपास येते. पाश्चात्त्य स्वरनामांत हे 'मी' आणि 'फा' ह्यांमधले निमुळते अंतर होय. केप्लरला ठाऊक असलेल्या ग्रहांत शुक्र वगळता इतका आखूड पल्ला दुसऱ्या कोणत्याही ग्रहाला नाही. वर्षभरात पृथ्वी एका स्वरावरून शेजारच्या स्वरावर जाते आणि परत येते. तिच्या वाट्याला दोनच स्वर आलेले आहेत.

'मी-फा-मी' ही अक्षरे पाहून केप्लरने एक उद्गार नोंदविला. त्याचा आशय असा की, पृथ्वीचे हे गाणे ऐकून आपल्या ह्या वसतिस्थानी दैन्य आणि भूक ह्यांचेच राज्य आहे असा तर्क करता येईल. कारण लॅटिन भाषेत दैन्य आणि भूक ह्यांसाठी असलेल्या शब्दांची आद्याक्षरे त्या स्वरांशी जुळतात. उद्गार शब्दांच्या खेळासारखा आहे, पण तो करणाऱ्याचे दिवस खेळाचे नव्हते. १६१८ च्या फेब्रुवारीत त्याची सहा महिन्यांची मुलगी कातारिना दगावली. ग्रहांच्या कोष्टकांच्या कामात मन रमेना म्हणून तो संवादितेच्या चिंतनाकडे वळला. त्याच वर्षी २३ मे रोजी प्रागमध्ये झालेल्या उठावातून तीस वर्षे चाललेले युद्ध पेटले. केप्लरने ग्रंथ हातावेगळा केला तो त्यानंतर चारच दिवसांनी. त्याच्या वृद्ध आईवर १६१५ पासून चेटकीण असल्याचा आळ होता. १६२० मध्ये तिला अटक झाली, आणि तिच्या बचावासाठी केप्लरला स्वतः उभे राहावे लागले. ती सुटली १६२१ च्या ऑक्टोबरात. ग्रहाचा सूर्यप्रदक्षिणेचा काळ आणि त्याचे सूर्यापासूनचे अंतर ह्यांचा संबंध सांगणारा नियम, ज्याच्या आधारावर पुढे न्यूटनचे गुरुत्वाकर्षण उभे राहिले आणि व्हॉएजरसारख्या यानांचे मार्ग आखता आले, तो ह्याच ग्रंथात आहे.

केप्लरची श्रद्धा निःसंदिग्ध होती. विश्वाच्या रचनेत ईश्वराच्या बुद्धीचा मागोवा घेणे हीच त्याच्या दृष्टीने उपासना होती. ह्या संगीताला ध्वनी नाही, ते केवळ बुद्धीला कळणारे आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले. त्याने पुढे असेही म्हटले की, अनेक सूर एकत्र गाण्याची कला माणसाने शोधली ती जगाच्या अखंड काळाचा खेळ तासाच्या अल्पांशात मांडून पाहण्यासाठी, आणि स्रष्ट्याला स्वतःच्या कृतीपासून मिळणाऱ्या आनंदाचा थोडासा अनुभव घेण्यासाठी. संगणकाने साडेतीन शतकांनंतर ग्रहांच्या प्रदक्षिणा काही क्षणांत आकुंचित केल्या, तेव्हा केप्लरचे हे वाक्य अक्षरशः खरे झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ह्या श्रद्धेने केप्लरला दुःखाकडे डोळेझाक करावयास शिकविले नाही. संवादितेच्या हिशेबात पृथ्वीसाठी अधिक उदार गुणोत्तर शोधण्याचा मोह त्याला झाला असता तर तो समजण्यासारखा होता. त्याने मोजमापातून जे आले ते ठेवले, आणि त्या निमुळत्या अंतराला जे ऐकू येते ते नाव दिले.

३

ऐकू न येणाऱ्या संगीताची कल्पना केप्लरच्याही फार मागे जाते. ग्रहांच्या गतीतून स्वर निर्माण होतात असे पायथागोरसचे अनुयायी मानीत. मग ते ऐकू का येत नाहीत, ह्याचे उत्तर ते असे देत की, जन्मापासून ते कानांवर सतत पडत असल्यामुळे, लोहाराला जसा घणाचा आवाज जाणवत नाही, तसे माणसाला ते जाणवत नाहीत. ॲरिस्टॉटलने हे मत गोड पण असत्य ठरविले. इतक्या प्रचंड वस्तूंचा ध्वनी असता तर त्याने पाषाणही फुटले असते, असा त्याचा युक्तिवाद होता.

भारतीय परंपरेने ह्याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' ह्या ग्रंथात आहत आणि अनाहत असे नादाचे दोन प्रकार सांगितले. आघाताने उत्पन्न होतो तो आहत. आघातावाचून असतो तो अनाहत. अनाहताची उपासना मुनी गुरूने दाखविलेल्या मार्गाने करतात आणि तो मुक्ती देतो. मात्र तो लोकांचे रंजन करीत नाही. म्हणून शार्ङ्गदेव आहत नादाकडे, म्हणजे श्रुती, स्वर, राग ह्यांच्या शास्त्राकडे वळतो. शार्ङ्गदेवाने अनाहताची महती मान्य केली, पण संगीतकाराचा मार्ग माणसांमधून जातो हेही ओळखले.

विद्युत्संगीताच्या संदर्भात ह्या भेदाचा एक मोहक दुरुपयोग होऊ शकतो. तार छेडली नाही, कातड्यावर थाप पडली नाही, नळीत फुंकर मारली नाही आणि तरीही सूर उमटला, तेव्हा हाच अनाहत नाद असे म्हणण्याचा मोह होतो. हा मोह टाळलेला बरा. विद्युत्प्रवाह शेवटी ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला हलवितो, पडदा हवेला ढकलतो आणि हवा कानावर आदळते. आघात नाहीसा झालेला नसतो. त्याची जागा बदललेली असते. विद्युत्संगीताचे खरे सामर्थ्य अन्यत्र आहे. माणसाच्या कानाच्या कक्षेत नसलेल्या हालचालीचे ते कानाच्या भाषेत भाषांतर करू शकते.

ह्या भाषांतराचे एक बोलके उदाहरण व्हॉएजर-१ नेच पुरविले. यान ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले. मात्र तसे घडल्याचा निर्णायक पुरावा नंतर हाती आला. सूर्यावरून उसळलेल्या वादळाचा धक्का तेथवर पोहोचला तेव्हा यानाभोवतालचे विद्युत्भारित कण सेकंदाला दोन ते तीन हजार वेळा आंदोलू लागले. ह्या आंदोलनांची वारंवारता कणांच्या घनतेवर अवलंबून असते, आणि ती घनता सूर्याच्या प्रभावक्षेत्रातील घनतेपेक्षा कितीतरी अधिक भरली. आयोवा विद्यापीठातील डॉन गर्नेट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ही नोंद ध्वनिरूपात ऐकविली: हळूहळू चढत जाणारी एक शीळ. ती ऐकून अनेकांना अवकाशाचा आवाज ऐकल्यासारखे वाटले. वस्तुतः ती विद्युत्क्षेत्राची आंदोलने होती. त्यांना कान मिळाला तो पृथ्वीवर.

अशा ध्वनीतून ज्ञान मिळते, आणि एक प्रकारचे भयही मनात दाटते. त्या भयाला पवित्र मानावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण भाषांतराला मूळ वाचा समजणे ही बौद्धिक चूक आहे, आणि ईश्वराच्या शोधात ती वारंवार होत आलेली आहे. यंत्राने ऐकविलेला नाद हा ईश्वराचा शब्द आहे असे म्हणणारा माणूस पुष्कळदा स्वतःच्याच प्रतिध्वनीपुढे हात जोडीत असतो. केप्लरने आपल्या संगीताला ध्वनी नाही असे बजावून सांगितले, त्यामागचा संयम अजूनही उपयोगाचा आहे.

४

हा संयम सुटला म्हणजे काय होते आणि तो असताना विद्युत्संगीत कोणती उंची गाठू शकते, ह्या दोहोंची साक्ष एकाच संगीतकाराच्या आयुष्यात सापडते. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन ह्याचा जन्म १९२८ सालचा. त्याची आई मनोरुग्ण होती. १९४१ साली हाडामार येथे, रुग्णांना ठार मारण्याच्या नाझी राजवटीच्या योजनेत तिचा बळी गेला. वडील युद्धात नाहीसे झाले. युद्धाच्या अखेरीस सोळा वर्षांचा हा मुलगा जखमी सैनिकांच्या डोल्या वाहत होता.

त्याची 'गेझांग डेर युंगलिंगं', म्हणजे कुमारांचे गान, ही रचना ३० मे १९५६ रोजी कोलोन येथे प्रथम ऐकविली गेली. विद्युत्संगीताच्या इतिहासात तिचे स्थान पहिल्या श्रेष्ठ कृतींपैकी एकाचे आहे. बायबलमधील दानीएलच्या ग्रंथाशी निगडित असलेले एक स्तोत्र तिचा आधार आहे. नबुखद्नेस्सर राजाने तिघा तरुणांना धगधगत्या भट्टीत टाकले. ते जळाले नाहीत, आगीच्या आतून ते सूर्य, चंद्र, तारे, पाऊस, दव ह्या सर्वांना परमेश्वराची स्तुती करण्याचे आवाहन करीत राहिले, अशी कथा आहे. श्टॉकहाउझनने एका मुलाचा आवाज घेतला आणि उपकरणांनी निर्माण केलेल्या सुरांशी व खरखरींशी तो असा एकजीव केला की, शब्द कोठे संपतो आणि विद्युत्स्वर कोठे सुरू होतो हे सांगता येऊ नये. एकच कोवळा कंठ अनेक कंठांत फुटतो, दूर जातो, अंगावर येतो. स्तुतीचा एखादा शब्द ओळखू येतो आणि पुन्हा विरून जातो.

ह्या कृतीत भट्टी वर्णिलेली नाही, पण ती सर्वत्र आहे. स्तुती होते आहे ती ज्वालेच्या आतून. जर्मनीत युद्ध संपून तेव्हा अकराच वर्षे झाली होती, आणि भट्टी ह्या शब्दाला त्या भूमीवर कोणता अर्थ आलेला होता हे कोणालाही सांगावे लागत नव्हते. यंत्र आणि प्रार्थना ह्यांचा संयोग येथे पोकळ वाटत नाही, ह्याचे कारण त्यात आहे. आकाशातील ज्योतींना आवाहन करणारा तो आवाज स्वतः कोठे उभा आहे हे विसरलेला नाही.

पुढच्या काळात श्टॉकहाउझनची दृष्टी अधिकाधिक दूरवर गेली. व्हॉएजर निघाले त्याच वर्षी त्याने 'सिरिअस' ही व्याधाच्या ताऱ्याच्या नावाची रचना पूर्ण केली. त्या ताऱ्याशी आपले निकटचे नाते आहे असे तो सांगत असे. आणि १६ सप्टेंबर २००१ रोजी हाम्बुर्ग येथे वार्ताहरांशी बोलताना, पाच दिवसांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या संहाराला त्याने सर्वांत मोठी कलाकृती म्हटले. आपण सैतानाच्या विध्वंसक कलेविषयी बोलत होतो आणि आपल्या शब्दांचा विपर्यास झाला, असे त्याचे म्हणणे होते. हाम्बुर्गमधील त्याचे कार्यक्रम मात्र रद्द झाले. त्याच्या खुलाशाला पुरेसा वाव देऊनही प्रश्न शिल्लक राहतो. ज्याने भट्टीतल्या मुलांना कंठ दिला, त्याच्या तोंडी हे उद्गार क्षणभर तरी कसे आले? विश्वाच्या दूरच्या टोकावरून पृथ्वीकडे पाहू लागले म्हणजे आगीचे दृश्य होते आणि आतली माणसे दिसेनाशी होतात. दूरत्व ही ज्ञानाची अट असू शकते. करुणेच्या दृष्टीने मात्र ती कसोटी आहे.

५

आता मुद्रिकेतील वगळण्याच्या प्रश्नाकडे पुन्हा वळता येईल. निवड करणाऱ्यांची बाजू दुर्बळ नाही. प्रथम भेटीत कोणी आपल्या घरातील भांडणे सांगत बसत नाही. स्फोटाचे चित्र परक्या श्रोत्याला धमकीसारखे वाटले असते. शिवाय ही मुद्रिका शंभर कोटी वर्षे टिकेल असा अंदाज आहे. मानवजात नष्ट झाल्यावर तिची एवढीच खूण उरावयाची असेल, तर त्या खुणेत तिचा सर्वोत्तम अंश असावा, ही इच्छा मानवी आहे. सर्वच धर्मांना स्थान देता येणार नाही म्हणून चित्रांत कोणत्याही धर्माला प्रतिनिधित्व द्यावयाचे नाही, हा निर्णयही न्यायबुद्धीने घेतलेला होता.

परंतु अभिवादन आणि प्रार्थना ह्यांत भेद आहे. अभिवादनात माणूस आपला नीटनेटका चेहरा पुढे करतो, आणि ते योग्यच असते. प्रार्थनेत तोच चेहरा पुढे केला तर ती प्रार्थना राहत नाही. ज्याच्यापुढे काही लपविता येते तो ईश्वर नव्हे, ही ईश्वर ह्या कल्पनेतील किमान अट आहे. मुद्रिका अभिवादन म्हणून योजिली गेली होती. ती प्रार्थना झाली असेल तर ती निवडसमितीच्या ठरावामुळे झालेली नाही. चित्रांच्या दारातून जे बाहेर ठेवले गेले ते संगीताच्या दारातून आत आले, त्यामुळे झालेली आहे.

संगीतविभागातील शेवटच्या तीन रचना ह्या दृष्टीने पाहाव्यात. त्यांतली पहिली सूरश्री केसरबाई केरकर ह्यांनी गायिलेली भैरवी, 'जात कहाँ हो'. दुसरी अमेरिकेतील कृष्णवर्णीय अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन ह्याने १९२७ साली मुद्रित केलेली रचना. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने अनुभवलेल्या एकाकीपणाशी तिचा संबंध आहे, आणि तिच्यात शब्द उच्चारलेले नाहीत, गिटारच्या साथीने केलेला हुंकार तेवढा आहे. जॉन्सन रस्त्यावर भजने गात जगला आणि १९४५ साली दारिद्र्यात मरण पावला. तिसरी रचना बेटोफनच्या तंतुवाद्यचतुष्कातील 'काव्हातिना' हा भाग. तो १८२५ साली रचला गेला, तेव्हा बेटोफनची श्रवणशक्ती गेलेली होती.

केसरबाईंचा जन्म १८९२ साली गोव्यातील केरी येथे कलावंत समाजात झाला. ह्या समाजातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळांत गायनसेवा केली, देवापुढे त्यांचा सूर मंगल मानला गेला, आणि देवळाबाहेर त्यांना प्रतिष्ठा नाकारण्यात आली. ईश्वराच्या सर्वांत जवळ उभे राहण्याचा मान आणि माणसांत दूर ठेवले जाण्याचे दुःख ही एकाच जीवनाची दोन अंगे होती. अल्लादियाखाँसाहेबांच्या कठोर तालमीतून केसरबाईंनी जो स्वर कमावला, त्यात आर्जव नाही, दीनवाणेपणा तर नाहीच; मागच्या अपमानांना दिलेले उत्तर त्या स्वराच्या ताठपणात ऐकू येते असे म्हणता येईल. व्हॉएजर-१ निघाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

भैरवीत ऋषभ कोमल असतो. शुद्ध गुणोत्तरांच्या हिशेबात षड्ज आणि कोमल ऋषभ ह्यांमधले अंतर १६:१५ असे मांडतात; केप्लरला पृथ्वीच्या गतीत सापडले ते हेच गुणोत्तर. प्रत्यक्ष गायनात हा स्वर रागाप्रमाणे आणि गळ्याप्रमाणे किंचित चढतो-उतरतो, तेव्हा ह्या साम्यावर सिद्धान्त उभारणे गैर ठरेल. तरीही जे अंतर केप्लरला दैन्याची आठवण देऊन गेले, तेच अंतर मैफलीच्या अखेरीस भैरवीत लागते तेव्हा श्रोत्यांना शांत करते, हे नोंदविण्यासारखे आहे. दुःखाचा स्वर लपविलेला नसतो. तो इतक्या नेमकेपणाने लावलेला असतो की तो सहन करता येतो. समितीने दुःखाची चित्रे नाकारली, पण पृथ्वीचे दोन स्वर मुद्रिकेत आरंभी संगणकाच्या सुरातून आणि अखेरीकडे एका मानवी गळ्यातून, असे दोनदा गेले.

६

मराठी वाचकाला ह्या प्रश्नाचा एक आदर्श घरातच उपलब्ध आहे. शार्ङ्गदेवानंतर काही दशकांनी, यादवांच्याच राज्यात, ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी विश्वाला व्यापून असणाऱ्या देवाकडे मागणे मागितले. पसायदान हे साऱ्या विश्वाला कवेत घेणारे निवेदन आहे, त्यात सूर्य आहे, चंद्र आहे, तिन्ही लोक आहेत. तरी त्याची पहिली मागणी दुष्टांविषयीची आहे: त्यांचे वाकडेपण जावे. जगात खळ आहेत, पाप आहे, अंधार आहे, हे त्या प्रार्थनेने वगळलेले नाही. आधी नाव घेतले आणि मग पालटण्याची विनंती केली. जे सांगितलेच नाही त्याचा पालट मागता येत नाही, हे साधे तर्कशास्त्र त्यामागे आहे.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी, सेगन ह्यांच्या आग्रहावरून, व्हॉएजर-१ ने सुमारे ६०० कोटी किलोमीटरांवरून मागे वळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. त्यात ती एका पुसट ठिपक्याहून मोठी नाही. ह्या चित्राने अनेकांना माणसाच्या क्षुद्रतेची जाणीव दिली. सेगन ह्यांनी त्यातून परस्परांशी अधिक ममतेने वागण्याची जबाबदारी वाचली, हे त्यांचे मोठेपण. तोच ठिपका पाहून सारे दुःख नगण्य आहे असा निष्कर्षही काढता येतो, आणि तो काढणारे निघतात. चित्र दोन्ही अर्थ देते. कोणता घ्यावयाचा हे पाहणाऱ्याच्या नीतीवर अवलंबून असते. ठिपक्याएवढ्या पृथ्वीवरही भुकेलेल्याची भूक पूर्ण आकाराची असते.

ईश्वराचा शोध अवकाशात जाऊन पूर्ण होईल, असे आज कोणी म्हणणार नाही. यंत्राच्या सुरांतून तो होईल, असेही नाही. परंतु हा शोध प्रामाणिक आहे की नाही हे तपासण्याची एक कसोटी ह्या इतिहासातून हाती येते. जो वर जाताना पृथ्वीचे दैन्य आणि भूक विसरत नाही, त्याचा शोध खरा असण्याची शक्यता आहे. केप्लरने ती विसरली नाही, भट्टीतल्या कुमारांना आवाज देणाऱ्या तरुण श्टॉकहाउझनने ती विसरली नाही, आणि मुद्रिका घडविणाऱ्यांनी विसरावयाचे ठरविले असतानाही संगीताने ती त्यांना विसरू दिली नाही.

व्हॉएजर-१ आता पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. त्याची वीज दरवर्षी कमी होत असून एकेक उपकरण बंद करावे लागत आहे. यानाचा पृथ्वीशी असलेला संवाद लवकरच थांबेल. मुद्रिका त्यानंतरही पुढे जात राहील, आणि तिच्यात केसरबाईंची भैरवी असेल. ती ऐकणारा भेटो वा न भेटो, पृथ्वीवर मागे राहिलेल्यांना तिचा अर्थ कळणे अधिक आवश्यक आहे. कारण ज्या दोन स्वरांची ती साक्ष आहे, ते बदलण्याचे काम येथेच, ह्या जन्मी, करावयाचे आहे.